भात घरात आला, ताटात किती आला?

आज माझ्या पहिल्या फील्डवर्कमधली एक चूक सांगते. पीएचडीचा विषय ठरवताना किंवा प्रश्नावली तयार करताना तुमच्याकडून ती होऊ नये, एवढाच हेतू.

मालगुंडला एका वाडीत गेले होते. गाव तुम्हाला ठाऊक असेल. रत्नागिरी तालुक्यातलं, गणपतीपुळ्याला लागून, केशवसुतांचं जन्मगाव. एका घराच्या पडवीत घरातले कर्ते काका बसले होते. हातात प्रश्नावली, चेहऱ्यावर अभ्यासू भाव. मी विचारलं, "काका, पूर्वी तुमच्याकडे जेवणात काय असायचं?" ते म्हणाले, "भात. आम्ही पहिल्यापासून भातवाले." मी लिहून घेतलं : मुख्य अन्न – तांदूळ.

चहा झाला. निघताना पाणी प्यायला मागीलदारी गेले. तिथे त्यांची आई, पंचाहत्तरीच्या आसपासची, कोकमं निवडत बसली होती. सहज गप्पा सुरू झाल्या. तिला तोच प्रश्न विचारला, तर ती हसली. म्हणाली, "भात काय गो बाय वर्षभर पुरायचा? दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. म्होरं नाचणी. आणि भात असला तरी तो पुरुषांना, मग पोरांना. आमच्या वाटणीला पेज."

एकच घर, एकच प्रश्न, उत्तरं दोन. मी रात्री वहीत दोन्ही लिहिली आणि बराच वेळ विचार करत बसले की यातलं खरं कोणतं. पुढे कळलं की दोन्ही खरी आहेत. काका घराबद्दल बोलत होते आणि आजी ताटाबद्दल. ग्रामीण आहाराचा इतिहास लिहिताना आपण बहुतेक वेळा घराचा इतिहास लिहितो आणि त्याला ताटाचा इतिहास समजतो. या लेखात हा घोळ उलगडायचा प्रयत्न करते.

पिकवायचं एक, खायचं दुसरं

सुरुवात जमिनीपासून करू. कोकणातली शेतजमीन एकसारखी नसते. खाली पाणी धरणारे मळे, त्यावर कुर्याट, आणि डोंगरउतारावर वरकस. मळ्यात भात होतो. वरकसावर नाचणी, वरी, हरीक अशी पिकं आळीपाळीने घ्यायची आणि मग जमीन काही वर्षं पड टाकायची, ही जुनी पद्धत. म्हणजे जमिनीच्या उंचीवरूनच धान्य ठरत होतं.

कोणी काय खायचं हे मात्र उंचीवरून ठरत नव्हतं. ते ठरत होतं खोतीवरून. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावं खोती होती. खोत सरकारचा सारा भरायचा आणि कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा. रूढ हिशेब असा होता : भाताचा अर्धा वाटा, म्हणजे अर्धेल, आणि वरकस पिकांचा तिसरा वाटा, म्हणजे तिर्धेल. १८८० च्या खोती कायद्याने कुळांचे हक्क आणि देणं कागदावर आणलं, पण खोत मधेच राहिला.

हा हिशेब आहाराच्या भाषेत वाचून बघा. समजा एका कुळाला मळ्यात दहा मण भात झाला. पाच मण खोताला गेला. उरलेल्यातून पुढच्या वर्षाचं बी बाजूला ठेवायचं, कर्ज फेडायचं, मीठ-कापडासाठी थोडा विकायचा. खायला किती उरला? उलट नाचणीतला दोन तृतीयांश वाटा घरात राहायचा आणि तिला बाजारात भाताइतका भावही नव्हता. त्यामुळे भात पिकवणारा माणूस नाचणी खायचा. हा आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता, वाटणीचा होता.

कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा दहावा खंडही १८८० चाच. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. गरीब माणसाचं रोजचं अन्न नाचणी, वरी आणि हरीक होतं, आणि जिल्ह्याला स्वतःपुरतं धान्य पिकत नव्हतं. या काळातली विषमता दुरून दिसायची. कोणत्या घरात कोणतं धान्य शिजतंय यावरून घराची पायरी कळायची. खोताच्या घरी भात, कुळाच्या घरी भाकर आणि पेज. गावकुसाबाहेर तर याहून वेगळं जग होतं. तिथे अन्न बलुत्याच्या रूपाने, कधी उरलंसुरलं म्हणून मिळायचं.

इथे एक इशारा देऊन ठेवते. गॅझेटिअर घराच्या आणि जातीच्या पातळीवर बोलतो. 'कुणबी अमुक खातात' असं त्यात सापडतं. कुणब्याची सून काय खाते, हे सापडत नाही.

मनीऑर्डर आणि रंगूनचा तांदूळ

धान्य पुरत नसेल तर माणसं बाहेर पडतात. मुंबईच्या गिरण्यांना आणि गोदीला सगळ्यात जास्त माणसं पुरवणारा जिल्हा अनेक दशकं रत्नागिरीच होता. पुरुष गिरणगावात, बायका-मुलं आणि म्हातारी माणसं गावात, आणि दोघांना जोडणारी मनीऑर्डर. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. त्यामागे हाच दीडशे वर्षांचा प्रवास आहे.

मनीऑर्डरीने आहारात एक मोठा बदल केला. आता धान्य विकत घेता येऊ लागलं. विकतचं धान्य म्हणजे बहुतेक वेळा तांदूळ, आणि त्यातला बराचसा ब्रह्मदेशातून येणारा. मुंबईत उतरलेलं धान्य गलबतांनी आणि आगबोटींनी कोकणच्या बंदरांत यायचं. म्हणजे मालगुंडच्या आसपासच्या चुलीवर शिजणारा भात रंगूनच्या बाजाराशी जोडलेला होता. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं आणि ही साखळी तुटली. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. 'रेशन' हा शब्द तेव्हा आपल्या भाषेत शिरला आणि पुन्हा बाहेर गेला नाही.

या काळाकडे ताटाच्या बाजूने पाहा. मुंबईतला पुरुष खाणावळीत जेवत होता. तिथे नाचणी नव्हती. भात, आमटी, पोळी आणि अधूनमधून मासळी किंवा मटण. तो शिमग्याला नाहीतर गणपतीला गावी यायचा तेव्हा घरात भात शिजायचा, कारण कमावता माणूस घरी आलाय. मला भेटलेल्या म्हाताऱ्या बायका ही गोष्ट तक्रार म्हणून सांगत नाहीत, आनंदाची आठवण म्हणून सांगतात : "गणपतीत आमी पन भात खायचो." या वाक्यातला 'पन' ऐकायला मला दोन वर्षं लागली.

स्थलांतराने घराचं उत्पन्न वाढवलं, हे खरं. त्याच वेळी एका घरातच दोन आहार तयार झाले : मुंबईचा आणि गावचा, पुरुषाचा आणि बाईचा. बेरीज केली तर घर सुधारलेलं दिसतं.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यातले कितीतरी जण याच किनाऱ्यावरचे. संपावर भरपूर लिहिलं गेलंय. मनीऑर्डर थांबल्यावर गावातल्या चुलीवर काय झालं, यावर फार थोडं. विषय शोधत असाल तर इथे एक आहे.

भात म्हणजे मान

आता एक अवघड जागा. आज भरडधान्यांचा गाजावाजा आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. शहरात नाचणीची बिस्किटं मिळतात. अशा वेळी आपण पटकन लिहून टाकतो : 'पूर्वी लोक सकस नाचणी खात, मग निःसत्त्व पांढरा भात आला आणि आरोग्य बिघडलं.' माझ्या पहिल्या मसुद्यात हे वाक्य जवळपास असंच होतं. मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला : "लोकांना भात का हवा होता?"

उत्तर शोधायला मला पोषणाची पुस्तकं बाजूला ठेवून राजकीय इतिहासाकडे जावं लागलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस आणि उष्टं अन्न सोडायला सांगितलं. पोषणाच्या कोष्टकात हा 'प्रथिनांचा एक स्रोत बंद' असा दिसेल. प्रत्यक्षात ती माणूसपणाची मागणी होती. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनीच मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडलं, आणि कूळकायद्याने कुळं जमिनीची मालक होण्याचा दिवस १ एप्रिल १९५७ चा.

ज्या माणसाच्या आज्याने आयुष्यभर भात पिकवून खोताच्या घरी पोचवला, त्याला स्वतःच्या कणगीतला भात स्वतःच्या ताटात हवा असणं हे साहजिक आहे. म्हणून पडवीतले काका मला "आम्ही पहिल्यापासून भातवाले" म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. एका परक्या, शिकलेल्या बाईसमोर ते आपल्या घराचा मान सांभाळत होते. 'नाचणीवाले' या शब्दात पूर्वी काय भरलेलं होतं ते त्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

दुसरी बाजू श्रमाची. नाचणी सकस असेल, पण ती ताटात यायला काय लागायचं? उतारावर लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, आणि मग पहाटे उठून जात्यावर दळण. भात असेल तर उखळ-मुसळ. यातलं बहुतेक काम बायकांचं. गावात गिरणी आली तेव्हा तांदळावरचा कोंडा गेला आणि त्याबरोबर ब-१ सारखी जीवनसत्त्वंही बरीचशी गेली. पण बायकांची पहाटेची झोपही परत आली. कोकमं निवडणाऱ्या त्या आजीला मी विचारलं, जातं आठवतं का? ती म्हणाली, "आठवतं म्हंजे? खांदा अजून दुखतो." ज्यांनी दळलं त्यांना विचारल्याशिवाय नाचणीचं गुणगान लिहू नका.

वरकसावरचा आंबा

मग नाचणी गेली कशी? केवळ मानापानामुळे नाही. तिची जमीनच दुसऱ्या कामाला लागली.

१९९० मध्ये महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आणली. लागवडीचा खर्च अनुदानातून मिळू लागला आणि कोकणातल्या वरकस जमिनीवर हापूस आणि काजूची कलमं लागली. याचा फायदा झालाच. ज्यांच्याकडे सलग जमीन, थोडं भांडवल आणि मुंबईच्या बाजाराशी ओळख होती, त्यांचं बस्तान बसलं. पण कलम लावलं की ती जमीन वीस-तीस वर्षांसाठी अडकते. तिथे नाचणी होत नाही. त्याबरोबर कुळीथ, उडीद, तीळ अशी मधली-अधली पिकंही मागे पडली.

याच सुमारास रेशनची घडीही बदलत होती. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची शिधापत्रिका आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला पाच किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो, हा हक्क झाला. तांदूळ तीन रुपये किलो, गहू दोन रुपये, आणि जानेवारी २०२३ पासून मोफत. भूक मारायला या धान्याने मोठी मदत केली, हे कबूल करायलाच हवं. आषाढ-श्रावणातली ओढाताण, जिच्यासाठी आगोटीची बेगमी करावी लागायची, ती आजच्या तरुण पिढीला ऐकूनच माहीत आहे.

पण पोट भरणं आणि पोषण होणं यात अंतर आहे. ते आकड्यांत पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांत शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० मिलीग्रॅम कॅल्शियम दिलेलं आहे. गिरणीत सडलेल्या तांदळात ते १० मिलीग्रॅमच्या आसपास. कुळथात शंभर ग्रॅममागे बावीस ग्रॅम प्रथिनं, तांदळात सातच्या आसपास. नाचणीची भाकर, कुळथाची पिठी आणि थोडी सुकट हे ताट गरिबीचं होतं, पण रिकामं नव्हतं. त्यातली नाचणी काढून तांदूळ घातला आणि त्याचबरोबर पिठी आणि सुकटही कमी झाली, तर उरतं काय ते तुम्हीच मांडून बघा.

सुकटीचंही तसंच. किनाऱ्यावर मासळी भरपूर, त्यामुळे इथे प्रथिनांची काय चिंता, असं बाहेरच्याला वाटतं. पूर्वी कोळणी-खारविणी टोपली घेऊन वाडीवर यायच्या आणि भाताच्या बदल्यात मासळी द्यायच्या. आता चांगली मासळी आधी बर्फात जाते, मग शहरात किंवा हॉटेलात. गावात जे पैसे मोजतील त्यांना मिळते. समुद्र घराच्या समोर असणं आणि मासळी ताटात असणं या दोन गोष्टी पूर्वी जितक्या जवळ होत्या तितक्या आता राहिलेल्या नाहीत.

म्हणजे आज खोताच्या आणि कुळाच्या नातवंडांच्या घरात धान्य एकच आहे. विषमता धान्यातून सरकून धान्याच्या भोवतालच्या गोष्टींत गेली आहे : डाळ किती, अंडं किती, दूध किती, फळ कोणाला, मासा कोणाला. आणि हे 'कोणाला' घराच्या आतलंही आहे.

घर नावाचं झाकण

इथे तुम्हाला दोन मराठी माणसांचा वाद माहीत असायला हवा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचं भारतातल्या दारिद्र्यावरचं पुस्तक १९७१ चं. दररोज माणशी २२५० उष्मांक मिळायला किती खर्च लागतो यावरून त्यांनी दारिद्र्यरेषा आखली. १९६०-६१ च्या भावांनी ग्रामीण भागात ती महिना माणशी पंधरा रुपये होती. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी अशा आखणीवर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, एकाच माणसाची गरज आणि खाणं दिवसागणिक बदलतं, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून सरासरी रेषेखालचा प्रत्येक जण कुपोषित धरणं चूक. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला यावर कडाक्याची चर्चा झाली. ती जरूर वाचा, संख्याशास्त्र येत नसलं तरी वाचा.

मला त्यातून वेगळाच प्रश्न पडला. सरासरी कोणाची? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चाच्या आकडेवारीत एकक असतं कुटुंब. घरात महिन्याला किती तांदूळ, किती डाळ आली, ती भागिले माणसं. भागाकार सगळ्यांना सारखं वाढतो. घरातली बाई तसं वाढत नाही. ती शेवटी बसते आणि टोपात जे असेल ते घेते.

याचा परिणाम शरीरात दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ४८ टक्के स्त्रियांना २०१५-१६ मध्ये रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ५४.२ टक्के झालं. याच काळात धान्य स्वस्त होतं, दुकानात होतं, घरात होतं.

पण थांबा, लगेच निष्कर्ष काढू नका. या दोन फेऱ्यांत बोटाच्या टोकातून घेतलेलं रक्त तपासलं होतं आणि त्या पद्धतीवर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. रक्तक्षयाचं कारणही एकटा आहार नसतो. पाळीतला रक्तस्राव, जंत, लागोपाठची बाळंतपणं हेही असतं. आणि नाचणी खाल्ली की रक्तक्षय जातो असंही नाही, कारण धान्यातलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. आकडा आपल्याला दारापर्यंत नेतो. आत काय चाललंय ते आपणच बघायचं असतं.

मग विचारायचं कसं?

दुसऱ्या फेरीला जाताना मी प्रश्नावली बदलली. तुमच्या उपयोगाचं वाटलं तर घ्या.

१. 'घरात काय खातात' हा प्रश्न काढून टाका. काल सकाळपासून आजपर्यंत तुम्ही स्वतः काय खाल्लं, हे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. राष्ट्रीय पोषण निरीक्षण मंडळाने १९७२ नंतर राज्याराज्यांत चोवीस तासांच्या आठवणीवर पाहण्या केल्या. ती पद्धत शिकून घ्या.

२. बाईला पडवीत विचारू नका. मागीलदारी, विहिरीवर, कामात असताना विचारा. शक्य असेल तर कामाला हात लावा. मी कोकमं निवडायला बसले म्हणून आजी बोलली.

३. ऋतू विचारा. मालगुंडला मे महिन्यात गेलात तर आंबे, फणस आणि मुंबईकर दिसतील. श्रावणात जा. टाकळा, भारंगी, कुड्याच्या शेंगा, अळू या भाज्या कोणत्याच हिशेबात येत नाहीत, कारण त्या विकत घेतलेल्या नसतात.

४. सातबारावरच्या पीकनोंदी पाहा. गाव नमुना बारामध्ये एखाद्या गटातून नाचणी कधी नाहीशी झाली आणि आंबा कधी आला ते सापडू शकतं. मात्र मागच्या वर्षीची नोंद पुढे उतरवण्याची सवय सगळीकडे असते, म्हणून शेजाऱ्यांच्या आठवणीशी ताडून बघा.

५. जिल्ह्याची हद्द तपासा. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधीचे 'रत्नागिरी'चे आकडे आणि आजचे आकडे सरळ शेजारी ठेवले तर तुमचा आलेख खोटं बोलेल.

६. साहित्य वाचा. ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' रत्नागिरी परिसरातलं आहे. अशा आत्मकथनांत कोणाच्या ताटात काय पडलं हे सरकारी अहवालांपेक्षा जास्त कळतं. पाककृतींची पुस्तकंही वाचा, पण ती कोणाच्या स्वयंपाकघरात लिहिली गेली हे विसरू नका.

एवढं करूनही एक गोष्ट अवघड राहते. आपण विचारतो म्हणून माणसं उत्तर देतात, आणि उत्तर देताना त्यांना स्वतःच्याच घराकडे नव्याने पाहावं लागतं. दुसऱ्या फेरीत त्याच घरातल्या सुनेला मी चोवीस तासांचा तक्ता भरायला विचारत होते. सकाळी चहा-खारी. दुपारी भात-आमटी. रात्री भात, आमटी, लोणचं. मग विचारलं, काल घरात मासे होते ना? काका म्हणाले होते. ती म्हणाली, "होते की. बांगडे. चार आणले होते." घरात माणसं सहा. तिने बोटांवर मोजलं : सासरे, नवरा, दोन मुलं. मग थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी कालवण घेतलं ना."

तक्त्यात 'मासे' या रकान्यात काय लिहायचं, हे मला तेव्हा सुचलं नाही. शेवटी मी एक नवा रकाना पाडला : 'फक्त रस्सा'. ती गेल्यावर सासूबाईंना विचारलं. त्यांचंही तेच निघालं. पुढच्या घरांत विचारत गेले तसा तो रकाना भरत गेला, आणि त्यात पुरुषांची नावं जवळजवळ आली नाहीत.

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण आता या रकान्याभोवती उभं आहे. गॅझेटिअर, खोतीचा हिशेब, शिधापत्रिका, उष्मांकांचा वाद हे सगळं त्यात आहेच, कारण चार बांगडे आणि सहा माणसं ही वेळ का येते हे त्याशिवाय समजत नाही. पण कागदावरून उठून मागीलदारी गेले नसते, तर माझ्या वहीत आजही एकच ओळ असती : मुख्य अन्न – तांदूळ, पूरक अन्न – मासे.

तुमची प्रश्नावली छापायला देण्याआधी एकदा स्वतःच्या घरी वापरून बघा. आईला विचारा, काल तू काय जेवलीस. 'घरात काय केलं होतं' हे ती लगेच सांगेल. तिने स्वतः काय घेतलं ते पुन्हा विचारा, आणि तिला आठवेपर्यंत थांबा.